हंड्यातलं गोडं पाणी

यंदाही टँकर यायला लागले. मार्चचा दुसरा आठवडा उजाडला की बेळ्ळंदूरच्या आमच्या सोसायटीच्या फाटकातून टँकर उलटा आत शिरतो आणि त्याचं ते टीं-टीं-टीं थेट सातव्या मजल्यापर्यंत येतं. त्याच सुमाराला रिंग रोडच्या कडेची झाडं, जी एरवी कुणाच्या खिजगणतीतही नसतात, एकाएकी पानं टाकून गुलाबी होतात. लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. या शहरात उन्हाळा असा नटूनथटून येतो. मी त्या झाडांकडे फारसं बघत नाही. मला त्या दिवसांत पाण्याचेच आवाज जास्त ऐकू येतात. बादलीत पडणारं पाणी, पिंपात पडणारं पाणी, आणि तांब्याच्या हंड्यात पडणारं पाणी. हंड्यात पाणी पडायला लागलं की आधी घुमतं, मग हंडा भरत येईल तसा आवाज बारीक होत जातो. हा आवाज मला पूर्वी फार आवडायचा.

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात काय घडलं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला उगीच आशा लागायला नको. माझ्या मुलीने जीव लावून वाढवलेला एक जीव माझ्या हातून मेला, आणि तो कशाने मेला हे मी तिला खोटं सांगितलं. एवढंच. शेजारीपाजारी तर "मासेच ना, दुसरे आणता येतील" म्हणून मोकळे झाले. मासे मेलेच नव्हते. मासे जगले, हाच तर त्यातला घोळ होता.

मी मूळचा निपाणीचा. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि रागावलो की दोन्ही. इथल्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं क्वालिटी विभागात काढली. मशीनचे सुटे भाग ड्रॉइंगशी ताडून बघायचे, केसभर फरक असला तरी नापास करायचे आणि नापास मालावर लाल रंगाचा ठिपका मारायचा. हा ठिपका फार महत्त्वाचा. खूण न करता नापास माल कोपऱ्यात ठेवला की कधीतरी कुणीतरी तो चांगला समजून उचलतो आणि मशीनमध्ये बसवतो. नव्याने लागलेल्यांना मी हे इतक्यांदा ऐकवायचो की माझ्या माघारी ते मलाच 'लाल ठिपका' म्हणत. मला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. दुसऱ्यांच्या चुका पकडण्यात आयुष्य गेलं की हळूहळू वाटायला लागतं, आपल्या हातून चूक होतच नसावी.

जुई माझी एकुलती एक मुलगी. नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षी मैत्रिणींबरोबर मालवणला गेली, तोंडाला नळी लावून तासभर पाण्याखाली बघून आली, आणि परतली ती समुद्र डोक्यात घेऊनच. दोन महिन्यांत आमच्या हॉलमध्ये चार फुटी काचेची टाकी आली. तिच्यात मासे कमी आणि पोवळीच जास्त राहणार होती. मला पोवळं ठाऊक होतं ते शैलाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, अंगठीतलं, मंगळासाठी घातलेलं. हे पोवळं जिवंत असतं, दिवा लावला की फुलतं आणि विझवला की मिटतं, हे ऐकून मी हसलो होतो. "म्हणजे तुझ्या आईच्या मंगळाला आता रोज खाऊ-पिऊ घालायचं?" जुईला माझ्या विनोदांची सवय आहे.

समुद्रापासून इतक्या लांब, घाट चढून वर आलेल्या या गावात समुद्र करायचा म्हणजे काय, हे मी तिच्याकडूनच शिकलो. नळाचं पाणी आधी फिल्टरमधून असं गाळायचं की त्यात पाण्याशिवाय काही उरता कामा नये. मग त्यात पुडीतलं समुद्राचं मीठ घालून दिवसभर ढवळत ठेवायचं. दुर्बिणीसारखी एक छोटी नळी होती, तिच्या काचेवर एक थेंब ठेवून उजेडाकडे धरायचं, की आत खारटपणाची रेघ दिसे. ती नळी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला कारखान्यात परत गेल्यासारखं वाटलं. "वर स्वल्प जास्त आहे," मी रेघ बघून म्हणालो, आणि जुईने टाळी वाजवली.

"अप्पा, एक लक्षात ठेव," ती म्हणायची, "उन्हानं पाणी उडतं, पण मीठ नाही उडत. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची. खारट घातलंस तर आपल्या समुद्राचं लोणचं होईल."

टाकीच्या मधोमध एका दगडाच्या खाचेत समुद्रफूल बसलेलं असे. फूल नुसतं नावाला, तो प्राणीच. हिरवट-तपकिरी बोटांचा झुबका, आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला फुगीर गुलाबी थेंब. जुई त्याला गोंडा म्हणायची. आणला तेव्हा लिंबाएवढा होता, चार वर्षांत जेवणाच्या ताटलीएवढा झाला. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची एक जोडी त्याच्यात दिवसभर लोळायची. बाकी कुणी जवळ आलं तर गोंडा डसतो, या दोघांना मात्र सगळं माफ. आठवड्यातून दोनदा जुई कोळंबीचा नखाएवढा तुकडा लांब चिमट्यात धरून त्याच्यापुढे न्यायची, आणि तो सगळी बोटं आत वळवून घास तोंडाशी घ्यायचा. शैला स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायची, "लहानपणी हिनं एवढं शहाण्यासारखं खाल्लं असतं तर माझे निम्मे केस काळे राहिले असते की."

फेब्रुवारी संपता संपता कंपनीने जुईला तीन महिन्यांसाठी परदेशी पाठवलं. जाण्याआधी तिने फ्रिजवर एक कागद चिकटवला. दिवे कधी लावायचे, कोळंबी कधी, काच कधी पुसायची. आणि सगळ्यात वर: रोज सकाळी भर घालणे. फक्त फिल्टरचं पाणी. फक्त पांढरी बादली. दोन्ही 'फक्त'खाली दोन-दोन रेघा. दारात बूट घालताना ती शैलाला म्हणाली, "आई, अप्पा क्वालिटीवाला आहे म्हणून मी निर्धास्त जातेय." मी तेव्हा चष्मा पुसत होतो. मान वर न करता हसलो, इतका मी खूश झालो होतो.

आणि मग तो उन्हाळा आला. आमची कूपनलिका आटली, मग शेजारच्या सोसायटीची आटली, मग टँकरवालेही लांबून पाणी आणतो म्हणून उशिरा यायला लागले. नळाला सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास. त्या तासात घरातलं जे काही भांडं म्हणवत होतं ते भरायचं: कुकर, परात, कपडे भिजवायचा टब. फिल्टरची तऱ्हा अशी की एक बादली शुद्ध पाणी द्यायचं तर दोन-तीन बादल्या मोरीत सोडतो. ते वाया जाणारं पाणी मी साठवायचो, फरशी पुसायला आणि संडासात घालायला. तरी लिफ्टपाशी कुणी भेटलं की मी जिन्याकडे वळायचो. चौथ्या मजल्यावरच्या बाई एकदा हसत हसत म्हणाल्या, "तुमच्याकडे काय बाबा, अख्खा समुद्र आहे." त्यांच्या हातात पिण्याच्या पाण्याचे दोन रिकामे कॅन होते.

अशाच एका सकाळच्या गडबडीत पांढरी बादली माझ्या हातून निसटली आणि तळाला तडा गेला. सोसायटीच्या फाटकासमोर प्लास्टिकच्या सामानाचं दुकान आहे. उतरून, नवी बादली घेऊन वर यायला दहा मिनिटं लागली असती. मी ती दहा मिनिटं काढली नाहीत. आळसाने नव्हे. आळस असता तर तो एकवेळ पचला असता. मला त्या क्षणी त्याहून चांगलं काहीतरी सुचलं होतं.

आमच्याकडे तांब्याचा हंडा आहे, शैलाच्या माहेराहून लग्नात आलेला. मी रोज सकाळी अनशेपोटी त्यातलं पेलाभर पाणी पितो, म्हणजे प्यायचो. आणि नुसता प्यायचो नाही, त्याचे गोडवे गायचो. बागेत चालायला येणाऱ्यांना सांगायचो, पाहुण्यांना पाजायचो, फोनवर आलेले तांब्याच्या पाण्याचे गुण चार जणांना पुढे पाठवायचो. तांब्यातलं पाणी म्हणजे शुद्ध, म्हणजे औषध, हे मला पाढ्यांसारखं पाठ. आणि मी फ्रिजवरच्या कागदापुढे उभं राहून मनाशी म्हणालो: प्लास्टिक कशाला? पोरीचा एवढा लाडका जीव, त्याला घरातलं सगळ्यात चांगलं भांडं.

बत्तीस वर्षांत 'मला वाटलं असं जास्त चांगलं होईल' म्हणणारा प्रत्येक कामगार मी फैलावर घेतला होता. ड्रॉइंगमध्ये जे लिहिलंय ते कर, तुला काय वाटतं ते घरी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी दुसऱ्यांना जितक्यांदा ऐकवली तितक्यांदा स्वतः ऐकली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून फिल्टरचं पाणी हंड्यात रात्रभर राहायचं आणि सकाळी तांब्या-तांब्याने टाकीत जायचं. दर रविवारी मी हंडा चिंच-मीठ लावून घासायचो, आरशासारखा लख्ख करायचो. चिंचेने घासल्यावर तांबं पाण्यात आणखी जास्त उतरतं, हे मला नंतर कळलं. म्हणजे जितकी माया केली तितकं विष जास्त पडलं.

आधी गोगलगायी गेल्या. काचेवर चिकटलेल्या असायच्या, त्या एकेक करून वाळूत उताण्या दिसायला लागल्या. मग लाल पाठीची एक कोळंबी होती, माशांचं अंग साफ करून द्यायची, ती एका सकाळी दगडाआड आडवी. मी म्हणालो, उन्हाळा आहे. मग पोवळी मिटली ती उघडेनात. मी दिव्याची वेळ बदलून बघितली. मासे मात्र ठणठणीत होते, दाणे टाकले की वर धावत होते. मासे ठीक तर पाणी ठीक, इतकं साधं ते मला वाटलं. शेवटी गोंडा आक्रसायला लागला. त्याची बोटं बारीक झाली, टोकाचे थेंब गेले, तोंड उघडंच राहायला लागलं. एके दिवशी त्याने आपली खाच सोडली आणि पाण्याच्या ओढीबरोबर टाकीभर फिरत राहिला, जागा शोधत असल्यासारखा. दोन्ही मासे त्याच्या मागे मागे. त्याला बरं वाटावं म्हणून त्या सकाळी मी हंड्यातलं दोन तांबे पाणी जास्तच घातलं.

जुईचा व्हिडिओ कॉल तिकडच्या दुपारी यायचा. पहिले काही आठवडे मी फोन घेऊन टाकीभोवती फिरायचो. नंतर फोन माशांवरच धरायला लागलो.

"गोंडा दाखव ना."

"मिटलाय आत्ता. दिवे उशिरा लावले आज."

"अप्पा, कागदावर वेळ लिहिलीय ना मी!"

"लिहिलीयस गं बाई. म्हातारा झालो, विसरलो."

ती हसली, आणि आपल्या थकत चाललेल्या बापावर आणखी माया करून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी टाकीतलं पाणी बाटलीत भरून शिवाजीनगरला नागराजच्या दुकानात गेलो. जुई सगळं त्याच्याकडूनच आणायची. त्याने पाण्यात दोन-तीन तऱ्हेचे थेंब टाकले, एका नळीत रंग पालटला, आणि तो माझ्याकडे बघायला लागला. "औषधी हाकिद्रा सार?" औषध घातलंत का? मी म्हटलं, नाही. "मत्ते कॉपर एल्लिंदा बंतु?" मग तांबं कुठून आलं? मी हंड्याचं सांगितलं. जरा अभिमानानेच सांगायला सुरुवात केली होती. त्याने कपाळावर हात मारला. "अय्यो! बेडवे बेडा सार, कॉपर बेडवे बेडा!" तांबं नकोच नको.

मग तो शांतपणे समजावून सांगायला लागला, ते मला जास्त लागलं. आजारी माशांना तांब्याचं औषध देतात, मासे ते सोसतात. पण ज्यांच्या अंगात हाडच नाही अशांना त्याचा कणही चालत नाही, पोवळ्याला नाही, समुद्रफुलाला तर मुळीच नाही. आणि पाण्यासारखं तांबं उडून जात नाही. रोज जेवढं पडलं तेवढं सगळं आत साठत गेलं. "आता ते दगड आणि ती वाळू तांबं पिऊन बसलेत," तो म्हणाला. "वर्षानुवर्षं थोडं थोडं सोडत राहतील. त्या दगडांत असलं काही पुन्हा ठेवू नका सार."

घरी आलो तेव्हा गोंड्याचा नुसता बुळबुळीत चोथा पंपाच्या जाळीला अडकला होता. शैलाने पदर नाकाला लावून मला परडी धरून दिली. घरभर मासळीबाजारासारखा वास सुटला होता. तिला मी सगळं सांगितलं. ती हंड्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "आत्ता फोन लावा आणि सांगून मोकळं व्हा. शिळं झालं की सांगवत नाही."

फोन मी लावला. त्या आठवड्यात एकदा आमच्याकडची वीज गेली होती, दोन-अडीच तास. जुईचा चेहरा पडद्यावर आला, आणि मी बोलून गेलो, "जुई, इथं अख्खा दिवस वीज नव्हती गं. पंप बंद, पाणी तापलं. गोंडा गेला." हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं. पण ते इतकं सफाईने आलं की ठरवलं नव्हतं असं म्हणायचीही लाज वाटते.

ती म्हणाली, "माझीच चूक आहे. बॅटरीवर चालणारा पंप घ्यायचा मी दोन वर्षं पुढं ढकलत होते. मीच मारलं त्याला. तू काय करणार होतास, अप्पा?"

हीच वेळ होती. आणि मी म्हणालो, "असू दे गं. होतं असं कधीकधी."

तिने न केलेला गुन्हा मी तिला उदार मनाने माफ केला. शैला बाजूलाच उभी होती, ती आत निघून गेली. त्या दिवशी तिने मला जेवायला वाढलं, पण माझ्यासमोर बसली नाही.

नंतर ते दोन मासे तीन दिवस रिकाम्या खाचेपाशी येत-जात राहिले. मग काच पुसायचा चुंबकाचा ब्रश होता काचेला चिकटवलेला, त्याला अंग घासत त्याच्या आडोशाला राहायला लागले. त्या ब्रशला ते गोंडा समजत होते. जुई जूनमध्ये परत आली आणि तिने हे बघितलं. म्हणाली, मासे नागराजला देऊन टाकू. आम्ही दोघं गेलो, नागराजने तिला बघून तोंड उघडलं, आणि मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प बसला. एका भल्या माणसालाही मी माझ्या खोटेपणात ओढलं. टाकी रिकामी झाली, दगड वाळून पांढरे पडले, पोत्यात भरून गॅलरीत गेले. पुढच्या वर्षी जुईचं लग्न झालं, ती इंदिरानगरला राहायला गेली.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण झाकून ठेवणाऱ्याची बोटं आखडतात, हे कुणी सांगत नाही. मी हंड्यातलं पाणी पिणं सोडलं, बागेतल्या मंडळींना वाटलं मला कुठल्या डॉक्टरने सांगितलं. हंडा वर फळीवर पालथा घातला. शैला एकदा म्हणाली, "हंड्यानं काय केलंय हो? त्याच्यावर कशाला राग?" जुई घरी आली आणि कुठल्याही बोलण्यात 'वीज' हा शब्द आला की मी उठून पाणी प्यायला जायचो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. वर्षं गेली की असल्या गोष्टी विरळ होतील, असं मला वाटायचं. पण जुईनेच सांगितलं होतं की पाणी तेवढं उडून जातं, त्यातलं बाकीचं तिथेच राहतं, उलट दाट होतं.

तर यंदा टँकर यायला लागले आणि पंधरा दिवसांत जुईचा फोन आला. आवाज कितीतरी दिवसांनी असा ऐकला.

"अप्पा, मी टँक परत सुरू करतेय. आधी पाणी मुरू देणार, मग पावसाळा संपला की नवं समुद्रफूल आणणार, छोटंसंच. तर ते जुने दगड आहेत ना गॅलरीत? रविवारी न्यायला येते."

"जुने कशाला? नवे घे की."

"नको. गोंड्याची खाच आहे त्यात."

फोन ठेवला आणि मी गॅलरीत जाऊन पोत्यापुढे उभा राहिलो. चार वर्षं मी ते टाकलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणाला सांगितलंही नव्हतं. खूण न केलेला नापास माल माझ्याच घरात कोपऱ्यात पडून होता, आणि आता कुणीतरी तो चांगला समजून उचलायला येत होतं.

वाट सोपी होती. शुक्रवारी सकाळी मी ते पोतं ओढत लिफ्टपर्यंत नेलं. खाली फाटकाजवळ कुणाच्या तरी घरकामाचा राडारोडा पडला होता, त्यात हे मिसळून गेलं असतं. जुईला सांगायचं, सोसायटीवाल्यांनी साफसफाईत फेकलं. ती हळहळेल, नवे दगड आणेल, नवा गोंडा जगेल, कुणाचं काही बिघडणार नाही. मी खाली पोहोचलोही. आणि राडारोड्यापुढे उभं राहून मला माझाच कारखान्यातला आवाज ऐकू यायला लागला. एक जण होता, चुकीचे भाग रिपोर्ट न लिहिता गुपचूप भंगारात टाकायचा. त्याला मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, माल टाकलास, चूक कुठं टाकलीस? तो बिचारा रडला होता.

पोतं घेऊन परत वर आलो. शैलाने दार उघडलं.

"टाकायला गेला होता काय?"

"होय."

"मग?"

"राडारोड्यापुढे अक्कल आली."

"चार वर्षांनी का होईना," ती म्हणाली आणि पोत्याचं एक टोक तिने धरलं.

रविवारी जुई आली ती हातात खोकं घेऊनच. बूटही न काढता तिने ते टेबलावर ठेवलं. "आधी हे बघ. बॅटरी. वीज गेली की आपोआप सुरू होते, पंप बारा तास चालतो. टँकच्याही आधी मी हे घेतलं." ती मला कुठली वायर कुठे जाते ते दाखवत होती. तिच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, जेवण होऊ दे, मग सांगू. मग वाटलं, जेवल्यावर वाटेल की चहा होऊ दे.

"जुई," मी म्हणालो, "वीज दोनच तास गेली होती. गोंडा विजेमुळे गेला नाही. मी तांब्याच्या हंड्यातलं पाणी घालत होतो. पांढरी बादली फुटली होती. दगडांत अजून तांबं आहे, ते नेऊ नकोस."

तिच्या हातात वायरचं टोक तसंच राहिलं. "किती दिवस?"

"वीस-एकवीस."

"आणि तुला कधी कळलं?"

"तुला फोन केला त्याच दिवशी. फोनच्या आधी."

ती स्वयंपाकघरात गेली. फळीवरच्या पालथ्या हंड्यावर तिने हात ठेवला. शैला कढईतलं वांगं हलवत होती, ती थांबली. जुई वळली तेव्हा रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"हंड्याचं जाऊ दे, अप्पा. तुला माहीत नव्हतं. पण घरात वीज गेली की चार वर्षं माझ्या पोटात गोळा येतो. ऑफिसात, लिफ्टमध्ये, कुठेही. मला वाटतं माझ्या निष्काळजीपणानं कुठंतरी काहीतरी मरतंय. हे," तिने बाहेर खोक्याकडे बोट केलं, "हे मी त्यासाठी घेतलंय. आणि तू मला 'असू दे गं' म्हणाला होतास."

"चुकलं माझं," मी म्हणालो. हे दोन शब्द मी शेकडो जणांकडून लिहून घेतले होते. स्वतः म्हणताना ते किती आखूड वाटतात ते कळलं. ती जेवायला थांबली नाही. शैलाने डबा भरून दिला, तो मात्र तिने घेतला. ती गेल्यावर मी खाली जाऊन लाल रंगाचा छोटा डबा आणला आणि गॅलरीत बसून पोत्यातल्या प्रत्येक दगडावर ठिपका मारला. खाच असलेला दगड शेवटी हातात आला. त्याच्यावर मारायला हात धजेना, पण मारला.

पुढे पंधरा-वीस दिवस जुईचे फोन शैलालाच यायचे. नवे दगड आणले, टाकीत पाणी भरलं, पंप सुरू केला, एवढं मला स्वयंपाकघरातून ऐकू आलं. मी विचारलं नाही. विचारायचा हक्क आपला आपणच घालवलेला असतो तेव्हा गप्प बसून ऐकावं.

काल दुपारी वीज गेली. पंखा फिरत फिरत मंद झाला, फ्रिजची घरघर थांबली, आणि घरात एकदम ते रिकामं शांतपण आलं. माझ्या पोटात धस्स झालं. इतकं की हातातलं वर्तमानपत्र खाली पडलं. मी फोन उचलला आणि काही विचार न करता जुईला लावला.

"अप्पा? काय झालं?"

"तिकडे वीज आहे काय?"

"नाही. मघाशीच गेली."

"मग?"

"मग काय? पंप चाललाय. मी जेवतेय."

तिच्या तोंडात घास होता, ते ऐकू येत होतं. मी म्हटलं, जेव, सावकाश जेव. फोन ठेवला तरी माझं काळीज धडधडतच होतं. चार वर्षं भलत्याच घरी राहिलेली ती धडकी आता आपल्या घरी आली होती. वीज येईपर्यंत मी पंख्याकडे बघत तसाच बसून राहिलो.